दोघं मिळून आलात तर या

शिवकांता भित्री होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पाटोद्यात तिच्याविषयी जे बोललं गेलं त्यात ती कुणी मोठी धीराची बाई असल्यासारखा सूर होता. तो साफ खोटा. पाल चुकचुकली तरी तिचं शिवण थांबायचं. पोलिसांची जीप गल्लीतून गेली की, काहीएक केलेलं नसताना, ती दाराला कडी घालायची. वीज कडाडली की मशीनची सुई वर घेऊन, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसून राहायची. नवरा होता तोवर तो हसायचा. "अगं, ढगाला तुझा पत्ता म्हाईत हाय का?" मग शिवलिंग काविळीने गेला आणि हसणारं कुणी उरलं नाही. भीती तेवढी उरली.

त्याच्या मागे तिच्याकडे एक पायमशीन, एक कात्री, एक कोळशाची इस्तरी आणि पेठेच्या अगदी टोकाला दोन खोल्यांचं घर. या घराची जागा मोठी चमत्कारिक होती. पुढचं दार पेठेत उघडायचं, आणि मागच्या जिन्याने उतरलं की भीमनगरचा बोळ लागायचा. पेठेतल्या वाण्यांच्या बायका पुढून यायच्या, भीमनगरच्या मागून. ब्लाउज सगळ्यांचीच शिवायची, आणि मापाला आलेली जुनी ब्लाउजं खुंटीवर एकमेकींना खेटून टांगलेली असायची. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही कुठल्या बाजूच्या म्हणून.

तिची सगळ्यांत मोठी भीती मात्र पालीची नव्हती आणि विजेचीही नव्हती. ती होती माणसांच्या जिभेची. एकटी बाई, तीही नवरा गेलेली, घरात कोण आलं, किती वेळ बसलं, हे मोजायला गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत डोळे. म्हणून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: एकटा पुरुष उंबऱ्याच्या आत येणार नाही. मीटर बघायला आलेला माणूस रस्त्यावर उभा राहायचा, शेजारीण येईस्तोवर. एकदा छताचा पत्रा उडाला तर सुताराला तिने सांगितलं, "जोडीला बायकुला घिऊन या." सुतार चिडला, पण बायकोला घेऊन आला.

तर अशा या बाईच्या घरात, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, गावातली दोन इंटरनेटं येऊन भेटली.

झालं होतं असं. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस मागे पडले होते. एसटीडीची पिवळी खोकी आली, डिशच्या केबली आल्या, आणि मग ज्याच्या अंगात हिंमत तो बाहेरून इंटरनेटची लाइन आणून गावात वाटू लागला. पाटोद्यात अशी हिंमत दोघांनी केली. पेठेत केदारनाथने. घरचं भुसाराचं दुकान सोडून त्याने बीडहून लाइन आणली. भीमनगरकडच्या अर्ध्या गावात जीवनने. हा जालिंदर गुरुजींचा मुलगा, औरंगाबादला डिप्लोमा केलेला, त्याने नगरकडून आणली. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. आता एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेले.

आणि एक गाढवपणा दोघांनाही छळत होता. पेठेतल्या राधाकिशनच्या स्टुडिओतून भीमनगरच्या कडेला असलेल्या लॅबला लग्नाचे फोटो पाठवायचे, तर ते फोटो आधी बीडला जायचे, तिथून मुंबईला, मुंबईहून समुद्रापार कुठेतरी वळसा घालून नगरमार्गे परत पाटोद्याला. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर लॅब! राधाकिशन सायकलवरून जाऊन, फोटो देऊन, चहा पिऊन परत यायचा, तरी कॉम्प्युटरवरून अर्धा फोटोसुद्धा गेलेला नसायचा. शिवाय गावातल्या गावात फिरणाऱ्या असल्या ओझ्याने दोघांच्याही बारीक लाइनी तुंबून जायच्या. तेव्हा जीवननेच सुचवलं की गावाचं गावातच देऊ-घेऊ. तुझी एक वायर, माझी एक वायर, मधे एक डबा.

पण डबा कुणाच्या घरी?

केदारनाथची आई चंद्रभागाबाई म्हणाली, आमच्या माळवदावर जायचा जिना देवघरावरून जातो. याहून जास्त ती बोलली नाही. गरजच नव्हती. जीवन म्हणाला, मग केदारनाथने आमच्याकडे यावं. केदारनाथला ते चालत होतं, त्याच्या घराला चालत नव्हतं. असं सगळं अडलं असताना जीवनची आई वनिता म्हणाली, "ती शिवकांता बसलीय की दोन्हींच्या मधी."

वनिता आणि शिवकांता एका शिवणक्लासात शिकलेल्या. वनिताने शिवण सोडलं, मैत्री सोडली नाही. ती दोघा पोरांना घेऊन आली, तेव्हा शिवकांता दारातच घामाने भिजली.

"माझ्याकडं नगं गं बाई. करंट-बिरंट लागला म्हंजे?"

"मावशी, तुमच्या इस्तरीनं भाजंल, पण ह्यानं न्हाई," जीवन म्हणाला.

"आन् पोलीस?"

"पोलिसांना काय करायचंय काकू?" केदारनाथ हसला. "त्यांचं पोस्टिंगचं टपालबी ह्यातूनच जाईल."

याने तिची भीती दुप्पट झाली. पण वनिताला नाही म्हणणं तिला जमत नसे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "एक सांगते. एकटा पुरुष माझ्या घरात येणार न्हाई. तू न्हाई, आन् तूबी न्हाई. यायचं तर दोघं मिळून यायचं, संगं वनिता नायतर चंद्रभागाकाकू पाहिजे. एकट्यानं आलात तर दार न्हाई."

पोरं हसली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. त्यांना हवं होतं ते नेमकं हेच. एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे डब्यात काही करू नये, हीच तर दोघांच्या पोटातली धास्ती. मुंबईत म्हणे असल्या जागेसाठी वकील बसवून करार करतात. पाटोद्यात एका बाईच्या अब्रूच्या भीतीवर काम भागलं.

डबा मशीनवरच्या फळीवर बसला. वहीएवढा, राखाडी, पुढच्या बाजूला ओळीने चौकोनी भोकं आणि प्रत्येक भोकावर हिरवा दिवा. पेठेची वायर निळी, भीमनगरची पिवळी. तपासणीच्या वेळी आपला कॉम्प्युटर लावता यावा म्हणून जीवनने एक पांढरी वायरही डब्यात खोचून तिचं दुसरं टोक मोकळं सोडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून फोटो लॅबला पोचायला लागले ते राधाकिशनची सायकल स्टँडवरून निघायच्या आत. गाव खूश.

शिवकांता खूश नव्हती. दिवे लुकलुकायचे तसं तिचं काळीज लुकलुकायचं. या दिव्यांतून कुणाचं काय जातंय? कुणाची सोयरीक, कुणाचं भांडण, कुणाची दुखणी? आपल्या डोक्यावरून अख्खं गाव बोलतंय आणि आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही, या विचाराने ती मान खाली घालून शिवायची. जीप आली की डब्यावर अस्तराचं कापड टाकायची. आणि तिला केबलवाला रामकिसन आठवायचा. टीव्हीच्या केबलची भांडणं पेटली होती तेव्हा खांबावर चढलेल्या रामकिसनला खालून ओढून, याच खिडकीसमोर, काठ्यांनी मारलं होतं. हात कोपरात मोडला तो आवाज तिने ऐकला होता. वाळलेली फांदी मोडावी तसा. खिडकी लावून घेतली होती तिने तेव्हा. पाणी घेऊनसुद्धा बाहेर गेली नव्हती.

पावसाळा सरता सरता राधाकिशनने केदारनाथची लाइन सोडून जीवनची घेतली. धंद्यात हे व्हायचंच. पण केदारनाथला ते झोंबलं. चौकात चार माणसांत तो म्हणाला, "दसरा होऊ द्या, मंग दाखवतो त्याला." हे शिवकांताला हुक लावायला आलेल्या एका बाईने सांगितलं आणि तिच्या हातून सुई बोटात गेली. कारण दसरा म्हणजे काय? एकीकडे सीमोल्लंघनाला निघालेली पेठ, दुसरीकडे पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालेलं भीमनगर, आणि मधे चौक एकच.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारं पुजायची. शिवकांताने मशीनला तेल दिलं, पुसलं, कात्री आणि इस्तरी पाटावर मांडली, विभूती लावली, झेंडू वाहिला. नमस्कार करून मान वर केली तर समोर डबा. लुकलुक. लुकलुक. बिचारा रात्रंदिवस राबतोय, आणि पूजेला फक्त तोच नाही. तिला डब्याला हात लावायची भीती वाटत होती आणि न लावायचीही. सगळ्यांना पुजलं आणि एकाला वगळलं तर त्याचा कोप कुणावर होणार? घरात दुसरं होतं कोण?

तिने जीव मुठीत धरून बटण बंद केलं. वायरी काढल्या. कुठली कुठे ते खडूने फळीवर लिहून ठेवलं, शिंपिणीची सवय. डबा कोरड्या फडक्याने पुसला, तीन बोटं विभूती ओढली, फूल ठेवलं. वायरी होत्या तिथे परत खोचल्या. राहिलं पांढऱ्या वायरचं मोकळं टोक. ते लोंबत लोंबत थेट निरांजनाजवळ आलं होतं. मोकळं टोक कुठलीही शिवणारी बाई राहू देत नाही. दोरा असो की नाडी, टोक आत घालायचं, नाहीतर एक दिवस कुणाचा तरी पाय अडकतो. शेजारी एक भोक रिकामं होतं. टोक त्यात बसलंही चटकन. टक्. बटण लावलं.

सगळे दिवे पेटले. लुकलुकणं नाही, नुसते धडाधडा पेटले आणि तसेच राहिले, वेड लागल्यासारखे. आधी वाटलं, प्रसन्न झाला. मग वाटलं, नाही. आणि मग पेठेतून आरडाओरडा ऐकू आला.

पेठेचं इंटरनेट बसलं होतं. भीमनगरचंही बसलं होतं, पण ते पेठेला कुठे ठाऊक. कुणीतरी कुठेतरी "जीवननं मारलं" म्हणालं, आणि केदारनाथ हातात पक्कड घेऊन निघाला. मागे चौघं.

"काकू, दार उघडा. त्याची वायर उपटायचीय."

शिवकांताने दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसून घेतलं. धीराने नव्हे. पाय धरत नव्हते.

"एकटा न्हाई," ती म्हणाली.

"एकटा कुठं? हे चौघं हायेत की संगं!"

"ते तुझेच. सगळे मिळून बी तू एकटाच."

मागचा एक जण फिस्सकन हसला. केदारनाथने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथेच वाळलं.

"सरा काकू. माझं डोकं फिरवू नका."

"जीवनला घिऊन ये. मंग दोघं या."

"त्याला आणू? त्यानंच तर केलंय! काकू, शेवटचं सांगतो."

त्याच्या हातातली पक्कड तिच्या डोळ्यांसमोर होती. ती इष्टलिंग मुठीत धरून बसून राहिली. तिला ठाऊक होतं की डब्याला हात लागलाय तो आपला. सांगावं तर हे चौघं काय म्हणतील? अडाणी रांड, गाव बंद पाडलं. न सांगावं तर रामकिसनच्या कोपराचा आवाज.

केदारनाथ तिला ओलांडून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो वळला, कोपऱ्यावरच्या खांबावर चढला आणि जीवनची पिवळी वायर कापली. तुटलेलं टोक गल्लीत पडलं. मग मात्र बोळातून माणसं आली. पुढे जीवन, हातात ते तुटकं टोक. मागे भीमनगरची पोरं. एकाच्या हातात उद्याच्या मिरवणुकीच्या झेंड्याची काठी होती, झेंडा अजून लावायचा होता.

"तू कापली बे?" जीवनने विचारलं.

"मी कापली. तू आधी माझं नेट मारलंस."

"माझं बी मेलतं! तू वायर कापलीस तसं आमचं लगेच सुरू झालं. तुझं झालं का सुरू?"

केदारनाथने मागे पेठेकडे पाहिलं. तिकडचा आरडाओरडा चालूच होता.

"न्हाई झालं ना? मंग माझ्यामुळं कसं आसंल? रोग त्या डब्यात हाय, गाढवा."

"मंग डब्यात तूच कायतरी केलंस!"

"कवा केलं? मावशी एकट्याला आत येऊ देते का? तुला दिलं का आता?"

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. मग पेठेच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "तू न्हाई गेलास, हा न्हाई गेला. मंग आत असतंय कोण?"

सगळ्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

आयुष्यभर शिवकांता ज्याला भ्यायली होती ते हेच. अख्ख्या गल्लीचे डोळे, खिडक्यांसकट. ज्या नियमाने तिने स्वतःला जपलं होतं त्याच नियमाने तिला एकटीला पकडून समोर उभं केलं होतं. काठीवाला पोरगा एक पाऊल पुढे सरकला, पेठेतल्या दोघांनी बाह्या वर केल्या, कुणीतरी कुणाच्या तरी आईवरून बोललं. एवढ्यात गर्दीतून वाट काढत वनिता आली, आणि तिच्या शेजारी येऊन धप्पकन बसली.

"कावून थरथरायलीस गं?"

शिवकांताचे ओठ हलले. आवाज नाही.

"काय? मोठ्यानं बोल की. अरे गप बसा की मेल्यांनो, ती कायतरी सांगायलीय!"

"मी हात लावलाय," शिवकांता म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली. म्हणून तिला परत सांगावं लागलं, मोठ्याने. तेच तिला सगळ्यांत जड गेलं. "मी लावला हात! खंडेनवमी म्हणून पुजला त्याला. पुसला, इभूती लावली. ह्यानं केलं न्हाई, त्यानं बी केलं न्हाई. मी केलं. मारायचं तर मला मारा."

काठीवाल्या पोराने काठी कुठे ठेवावी ते न कळून ती पाठीमागे धरली.

"आता या आत," ती वनिताच्या खांद्याचा आधार घेऊन उठत म्हणाली. "दोघं. बाकी कुणी न्हाई."

दोघे चपला काढून आत गेले. मागे वनिता. शिवकांता दाराच्या चौकटीला धरून उभी. डब्यावर तीन बोटं विभूती, वर झेंडू, आणि खाली सगळे दिवे धगधगलेले. जीवनने पांढऱ्या वायरच्या एका टोकाला बोट लावलं आणि तिच्यावरून बोट फिरवत फिरवत निघाला. बोट फिरून परत त्याच डब्यात आलं. त्याने केदारनाथकडे पाहिलं.

"दोन्ही टोकं ह्यातच," केदारनाथ म्हणाला.

"व्हय. निरोप निघतोय तो परत ह्याच्याच पोटात. ह्यो परत वाटतोय, परत गिळतोय." त्याने टोक उपटलं. दिवे दचकल्यासारखे विझले आणि मग हळूहळू, एकेक करून, लुकलुकायला लागले. पेठेतून कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं!"

केदारनाथ हसायला लागला. जीवनही. शिवकांताला वाटलं, आपल्यालाच हसतायत, आणि तिने पदर तोंडाला लावला. त्यांना तिचंही हसू आलं असेल, पण खरं तर ते सुटले म्हणून हसत होते. बाहेर काय होणार होतं ते दोघांनाही कळून चुकलं होतं.

"खांबावरची मी जोडून देतो," केदारनाथ म्हणाला, जीवनकडे न बघता.

"तू? तुझी जोडणी दोन दिवस टिकत न्हाई. मी जोडतो, तू शिडी धर."

"डबा नेणार का रे?" दारातून शिवकांताने विचारलं. तिला हायसं वाटणार की वाईट, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"कुठं नेणार काकू?" केदारनाथ म्हणाला. "दुसरं कोण बसंल असं दारात?"

जीवनने ती पांढरी वायर गुंडाळून खिशात घातली. ते गेल्यावर शिवकांताने रिकाम्या भोकात चिंधीचा एक तुकडा बसवला, मशीनच्या पायाखाली ठेवतात तसा. तरी संध्याकाळभर ती दर थोड्या वेळाने मान वर करून दिवे बघत राहिली, आणि जेवण तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. चौकातून आधी पांढरे कपडे गेले, मग आपट्याची पानं गेली. शिवकांता खिडकीच्या फटीतून दोन्ही बघत होती, मुठीत इष्टलिंग. काही झालं नाही. ऊन उतरल्यावर दारावर थाप पडली आणि तिचं काळीज परत लुकलुकलं.

केदारनाथ होता. नवा सदरा, हातात पानं. सोनं द्यायला आलेला. मागे कुणी नव्हतं.

"एकटाच?" तिने फटीतूनच विचारलं.

"आवं काकू, सणाला बी?"

"सणाला बी."

तो पायरीवर पानं मांडीत घेऊन बसला आणि बोळाच्या तोंडाकडे बघत राहिला. विहारातली मंडळी परतायला लागली होती. पांढऱ्या सदऱ्यांच्या घोळक्यात त्याला हवा तो दिसला तेव्हा त्याने तोंडापाशी हात धरून हाक मारली, "ए जीवन्या! लवकर ये बे! तुझ्यापायी मला आत घेत न्हाईत! आन् येताना आईला आण!"

आतून कडी काढल्याचा आवाज आला. दार मात्र ते तिघं पायरीवर जमेपर्यंत उघडलं नाही.